माजी कृषिविद्यार्थ्यांचा शिष्यवृत्ती-निधी : उभारणी आणि विनियोग

सुरत शहराच्या पूर्वेस, बारडोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पर्वत पाटिया हा भाग आहे. मोठ्या रस्त्यावरून गावाकडे वाट फुटते तेथे गावाच्या नावाचे ‘पाटिया’, म्हणजे फलक, लावलेला असतो. त्यावरून त्या ठिकाणालाच अमुक पाटिया म्हणण्याची गुजरातेत रीत आहे. पर्वत हे मूळचे गाव आता शहरात मिसळून गेले असून आसपास कापडाच्या बाजारपेठा व यंत्रमागांची वस्ती वाढली आहे. लिंबायत, डिंडोली, उधना या भागांप्रमाणेच येथेही धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतून आलेली मराठी कुटुंबे वर्षानुवर्षे राहत आहेत. सुरत-भुसावळ लोहमार्गाने नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही गावे सुरतेशी जोडल्यामुळे खानदेशातील माणसाला रोजगारासाठी मुंबई-पुण्यापेक्षा सुरत जवळची वाटत आली. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती, असा या कुटुंबांचा भाषाव्यवहार आहे. सुरत महानगरपालिकेने इतर माध्यमांबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा चालविल्या आहेत, ही गोष्ट शिक्षकवर्गाने लक्षात घेण्याजोगी आहे.

यांपैकी पुष्कळांची गावाकडे दोन-चार एकर जमीन असते. ती भाऊबंद कसतात किंवा निमबटाईने दिलेली असते. अशा घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी बारावीनंतर कृषि पदवीकडे वळते तेव्हा तिच्यापुढे दोन वाटा असतात. एक दक्षिणेस नवसारीकडे जाते. तेथे नवीनचंद्र मफतलाल यांच्या नावाचे कृषि महाविद्यालय १९६५ साली सुरू झाले. पुढे ते गुजरात कृषि विद्यापीठाचा भाग झाले आणि २००४ पासून नवसारीस स्वतंत्र कृषि विद्यापीठ आहे. दुसरी वाट पूर्वेस धुळ्याला जाते. तेथील कृषि महाविद्यालय १९६० चे असून ते राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. दोन्ही महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडलेले पदवीधर आज बँकांत, बियाणे व खतांच्या व्यवसायात, कृषि खात्यात, दक्षिण गुजरातेतील सहकारी साखर कारखान्यांत आणि अर्थातच स्वतःच्या शेतावर काम करीत आहेत. या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मागून येणाऱ्यांसाठी शिष्यवृत्ती-निधी उभारावयाचा झाल्यास तो कशासाठी, कसा व केव्हा वापरावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अडचण नेमकी कोठे असते

शिष्यवृत्ती म्हटली की प्रथम शुल्काचा विचार मनात येतो. वस्तुतः शुल्काच्या बाबतीत शासनाचा हात बऱ्याच विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतो. महाराष्ट्रात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेने शुल्काचा भार हलका होतो. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तर स्वातंत्र्यपूर्व काळापासूनची आहे.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली अडचण वेळेची आहे. अर्ज, कागदपत्रांची छाननी, महाविद्यालयाची शिफारस आणि मग बँक खात्यात रक्कम, असा शासकीय शिष्यवृत्तीचा क्रम आहे, आणि सार्वजनिक पैशाच्या बाबतीत छाननी टाळता येत नाही. परंतु वसतिगृहाची अनामत प्रवेशाच्या दिवशी भरावी लागते आणि खाणावळीचे बिल दर महिन्याला येते. पावसाळ्याच्या सुरुवातीला शेतकऱ्याच्या हातातील पैसा पेरणीत गेलेला असतो. कापूस किंवा सोयाबीन घरात येण्यास दिवाळी उजाडते. ज्या महिन्यांत घरात पैसा नसतो त्याच महिन्यांत विद्यार्थ्याचा पहिला मोठा खर्च येतो. वर्ग चुकू लागतात ते येथून. अभ्यास झेपत नाही म्हणून मुलगा घरी परतला असे आपण समजतो. पुष्कळदा त्याच्या मागे दोन महिन्यांचे थकलेले बिल असते.

दुसरी अडचण सीमेची आहे. महाराष्ट्राच्या बहुतेक योजनांना राज्याचे अधिवास प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. ज्या मुलीचा जन्म व शिक्षण सुरतेत झाले, तिला गावात सातबारा असूनही हा दाखला मिळविणे कठीण जाते. जातीच्या दाखल्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली मर्री चंद्रशेखर राव यांच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, एका राज्यातील अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा स्थलांतराबरोबर दुसऱ्या राज्यात आपोआप जात नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मूळ राज्याने द्यावयाची असते हे खरे. परंतु दोन राज्यांतील कार्यालयांत कागद हलविणे वीस वर्षांपूर्वी गाव सोडलेल्या यंत्रमाग कामगाराला सोपे नाही. पर्वत पाटियासारख्या वस्तीतील विद्यार्थी या दोन राज्यांच्या मधल्या फटीत सापडतो. तेथे माजी विद्यार्थ्यांच्या निधीला खरे काम आहे.

जुनी उदाहरणे

जेवणाचा प्रश्न शिक्षणाइतकाच जुना आहे. पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी. ती पद्धत उपयुक्त होती; पण तिची दारे बहुतांशी एकाच वर्गातील मुलांना उघडी होती हे विसरता येत नाही. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांना आश्रय दिला आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालविले, ते ही उणीव भरून काढण्यासाठीच. कर्मवीरांच्या वसतिगृहासाठी गावोगाव मूठ-मूठ धान्य जमविले जाई. निधी जमविण्याची याहून साधी व शेतकऱ्याला समजणारी रीत क्वचितच सापडेल.

पुण्याच्या विद्यार्थी सहाय्यक समितीचे उदाहरण आपल्या विषयाला अधिक जवळचे आहे. डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने १९५५ साली ही संस्था ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांच्या निवास-भोजनासाठी स्थापन झाली. तेथे राहून शिकलेले विद्यार्थी पुढे तिचे आधारस्तंभ बनले. संस्थेने प्रथम जेवणाची व राहण्याची सोय केली. कृतज्ञता नंतर आपोआप आली. माजी विद्यार्थ्यांच्या अनेक मंडळांची गाडी नेमकी उलट दिशेने धावते. ती आधी सत्कार करतात आणि मग निधीची आठवण काढतात.

मराठी वाचकांना वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर परिचित आहे. अमेरिकेतील आयोवा येथे त्याने १८९४ साली कृषि पदवी घेतली. विद्यार्थिदशेत त्याची चित्रे एका प्रदर्शनासाठी योग्य ठरली, पण जाण्यास भाडे नव्हते आणि अंगावर धड कपडे नव्हते; तेव्हा सहाध्यायी व शिक्षक यांनी मिळून कपडे व रेल्वेचे तिकीट घेऊन दिले, असे त्याच्या चरित्रांत नमूद आहे. पुढे १९४० साली त्याने आयुष्यभराची शिल्लक टस्कीगी येथील संशोधन-निधीला दिली. देणगी मोठीच, तथापि ते वेळेवर मिळालेले तिकीट लहान होते असे कोण म्हणेल?

मेळावा आणि पैसा

आता निधी उभारण्याकडे वळू. माजी विद्यार्थी एकत्र येण्याचे सर्वांत सोपे निमित्त म्हणजे स्नेहमेळावा, आणि सुरतेतील खानदेशी मंडळींना त्यासाठी बाहेरून काही आणावे लागत नाही. हिवाळ्यात जळगावी वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकरी यांवर शंभर माणसे सहज जमतात. सुरतेचा पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच. तो डिसेंबर-जानेवारीत येतो. ज्या माजी विद्यार्थ्याचे स्वतःचे शेत आहे त्याने वांगी किंवा कणसे द्यावीत, दुसऱ्याने जागा द्यावी आणि उरलेल्यांनी कूपने घ्यावीत, अशी वाटणी करता येते.

मात्र मेळाव्यातून किती पैसा उरतो याचा हिशेब आधीच मांडून पाहावा. उदाहरणादाखल समजा, अडीचशे रुपयांची तीनशे कूपने खपली. पंचाहत्तर हजार रुपये जमा झाले. मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक, लाकूडफाटा, तेल, वाढपी आणि छापील पत्रिका यांत पंचावन्न हजार गेले. उरले वीस हजार. याच तीनशेंपैकी एकशेवीस जणांनी दरमहा दोनशे रुपये बँकेतून परस्पर वळते करण्याची सूचना दिली, तर वर्षाला दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार रुपये होतात. कायम ठेवीचा मार्गही ताडून पाहावा : दहा लाख रुपये साडेसहा टक्क्यांनी गुंतविले तर व्याज पासष्ट हजार. खाणावळीचा खर्च महिना तीन हजार आणि मदत पहिल्या पाच महिन्यांची धरली, तर एका विद्यार्थ्याला पंधरा हजार लागतात. म्हणजे ठेवीच्या व्याजात चार विद्यार्थी आणि मासिक वर्गणीत एकोणीस विद्यार्थी. दहा लाख जमेपर्यंत वाट पाहण्यात दोन-तीन तुकड्या निघून जातील, हे निराळेच.

मग मेळावा कशाला? पत्ते मिळविण्यासाठी. कोणाची बदली झाली, कोण शेती पाहतो, कोणाचा दूरध्वनी बदलला, कोणाच्या ओळखीत गरजू मूल आहे, ही माहिती भरिताच्या पंगतीत जितकी मिळते तितकी पत्रव्यवहाराने मिळत नाही. जेवणाचा खर्च कूपनांतच भागवावा, निधीचा पैसा त्यास लावू नये आणि वर्गणीचे फॉर्म पंगत बसण्यापूर्वी भरून घ्यावेत. (पंगत उठल्यावर माणसे चपला शोधू लागतात, हा सर्वांचाच अनुभव आहे.) सत्कार, शाल व श्रीफळ यांवर एक रुपयाही खर्च होऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. सोडत काढून बक्षिसे वाटण्याची कल्पना पुष्कळांना सुचते. ती कायद्याच्या कक्षेत येत असल्याने टाळलेली बरी.

ऋतूचाही विचार करावा लागतो. मेळावा हिवाळ्यात होतो आणि गरज जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत असते. जानेवारीत जमलेला पैसा सहा महिने सांभाळून ठेवण्याची शिस्त नसेल तर तो मार्चअखेर दुसऱ्याच कामात खर्ची पडतो. यासाठी निधीचे खाते मंडळाच्या चालू खर्चाच्या खात्यापासून वेगळे असावे.

सगळी मदत पैशातच असली पाहिजे असेही नाही. विद्यार्थीच चालवीत असलेल्या खाणावळीला ज्वारी, तांदूळ किंवा डाळ हंगामात परस्पर पोहोचविता येते. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना ग्रामीण कृषि कार्यानुभवासाठी खेड्यात जाऊन राहावे लागते. त्या गावाजवळ माजी विद्यार्थ्याचे घर असेल तर एक खोली ही चांगली शिष्यवृत्ती ठरते. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे शुल्क आणि परीक्षाकेंद्रापर्यंतचे भाडे ही रक्कम लहान असते. तिच्यावाचून परीक्षा राहिल्याने मात्र एक वर्ष जाते.

कोणाला द्यावे आणि कोणत्या अटीवर

अनेक मंडळे पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला रोख पारितोषिक देतात. गुणवत्तेचा गौरव अवश्य व्हावा, परंतु त्याला शिष्यवृत्ती म्हणू नये. पहिला आलेला विद्यार्थी वर्ष पार पाडून आलेला असतो. निधीची गरज वर्ष पार पडेल की नाही अशा शंकेत असलेल्याला आहे. निवडीसाठी एक प्राध्यापक, वसतिगृहाचे अधीक्षक आणि एक माजी विद्यार्थी, अशी तिघांची समिती पुरे.

उत्पन्नाचा दाखला घ्यावा, पण त्यावर थांबू नये. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर या गावी घरोघर फिरून जमीन, कर्ज आणि खर्च यांची नोंद केली आणि ती १९१७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. कागदावरची धारणा आणि घरातील खरी स्थिती यांत किती अंतर असते, ते अशा पाहणीतूनच कळते. (तेही गाव आज पर्वतप्रमाणे शहराने पोटात घेतले आहे.) पर्वत पाटिया, लिंबायत किंवा डिंडोली येथे राहणाऱ्या माजी विद्यार्थ्याला अर्जदाराच्या घरी जाऊन अर्धा तास बसणे अवघड नाही. घरातील कमावती माणसे किती, यंत्रमागावरची पाळी नियमित आहे काय, गावाकडील जमिनीवर सोसायटीचे कर्ज आहे काय, एवढे विचारावे. भेटीला गेलेल्याने तेथे चहापलीकडे काही घेऊ नये आणि तेथे कोणतेही आश्वासन देऊ नये.

अटींच्या बाबतीत बडोद्याचा इतिहास उद्बोधक आहे. सयाजीराव महाराजांनी खासेराव जाधवांना शेतीशास्त्र शिकण्यासाठी इंग्लंडला पाठविले होते. १९१३ साली त्यांनी भीमराव आंबेडकरांना अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार करून घेतला. १९१७ साली आंबेडकर करारानुसार बडोद्यास आले; अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळाली नाही आणि त्यांना परतावे लागले. महाराजांच्या शिष्यवृत्तीचे मोल त्यामुळे कमी होत नाही. पण ज्या समाजात त्या माणसाने काम करावयाचे, त्याची काहीच तयारी नसताना करार एकट्या विद्यार्थ्याकडून लिहून घेतला गेला. माजी विद्यार्थ्यांनी असा बंधनपत्राचा कागद मुळीच करू नये. त्याऐवजी दोन प्रकार ठेवावेत. ज्याला शासकीय भत्ता मिळणार आहे पण उशिरा, त्याला उचल द्यावी आणि भत्ता जमा झाल्यावर त्याने ती परत करावी. ज्याला कोणत्याच योजनेचा लाभ नाही त्याला मदत द्यावी, परतफेडीची अपेक्षा न ठेवता. उचलीचा पैसा फिरता राहतो आणि तोच पुढील वर्षी दुसऱ्याच्या कामी येतो. काही उचल बुडेल. ती किती बुडेल याचा अंदाज पहिल्याच वर्षी धरून ठेवावा म्हणजे सभेत वाद होत नाहीत.

दोन राज्यांतील माणसांनी एका महाविद्यालयासाठी झटावे काय, असा प्रश्न कधीकधी विचारला जातो. सुरतेच्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली संकर-४ हा व्यापारी लागवडीसाठीचा जगातील पहिला संकरित कापूस दिला. त्याचे बियाणे गुजरातच्या सीमेवर थांबले नाही. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनीही ते पेरले. नवसारीत शिकलेली मुलगी उद्या शहाद्याला काम करील आणि धुळ्यात शिकलेला मुलगा बारडोलीच्या साखर कारखान्यात लागेल.

नोंदणी व हिशेब

अशा मंडळाची नोंदणी संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली करता येते. १९६० पूर्वी दोन्ही राज्ये मुंबई राज्यात असल्याने विश्वस्त व्यवस्थेचा कायदा दोहोंकडे मुळात एकच आहे; आज तो आपापल्या राज्याच्या नावाने ओळखला जातो. नोंदणी न करता जाहीर वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करणे आवश्यक आहे. देणगीदारास प्राप्तिकरात सवलत मिळावी असे वाटत असल्यास त्यासाठी वेगळी मान्यता घ्यावी लागते आणि दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीस ती सवलत मिळत नाही. लहान मंडळांनी पहिली दोन-तीन वर्षे महाविद्यालयाच्या नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघटनेमार्फतच काम करावे. नोंदणीच्या खटपटीत उत्साह मावळलेली मंडळे थोडी नाहीत.

हिशेब वर्षातून एकदा, एका पानावर, सर्व वर्गणीदारांना पाठवावा. त्यात जमा, खर्च, दिलेली उचल, परत आलेली उचल आणि विद्यार्थ्यांची संख्या द्यावी. विद्यार्थ्यांची नावे देऊ नयेत. मदत व्यासपीठावर बोलावून, छायाचित्र काढून देण्याची प्रथा बंद व्हावी. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला आपली गरिबी दोनशे माणसांपुढे उभी राहून दाखवावी लागते, आणि ते छायाचित्र पुढे तिच्या वर्गात फिरते. काही मुले या एका कारणाने अर्जच करीत नाहीत.

अर्जाचा नमुना एका पानापेक्षा मोठा नसावा आणि तो मराठी व गुजराती दोन्ही भाषांत असावा. प्रवेशफेरीनंतर आठ दिवसांत तो वसतिगृहाच्या कार्यालयात मिळावा. निवड झालेल्यांची रक्कम विद्यार्थ्याच्या हाती न देता दर महिन्याच्या दहा तारखेपूर्वी खाणावळीच्या खात्यावर भरावी आणि पावती विद्यार्थ्याच्या नावाने घ्यावी.